ई-चलान आलंय? पैसे भरण्याआधी फोटो उघडा

रात्री साडेनऊच्या सुमारास दारावर टकटक झाली. वरच्या मजल्यावर खोली करून राहणारा मुलगा होता, लातूरकडून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेला. हातात मोबाइल, चेहरा पडलेला. “काकू, पाचशेचं चलान आलंय, हेल्मेट नाही म्हणून. पण त्या तारखेला मी गावी होतो. गाडी इथेच खाली कव्हर घालून उभी होती.” पैसे भरायला त्याने यूपीआयचं ॲप उघडूनच ठेवलं होतं. मी विचारलं, “फोटो बघितलास?” तो म्हणाला, “फोटो पण असतो का?”

असतो, आणि ई-चलानच्या प्रकरणात जवळजवळ सगळं त्या फोटोवर ठरतं. पहिल्यांदाच गाडी घेतलेल्या किंवा नव्याने शहरात आलेल्या माणसाने आधी एक गोष्ट समजून घ्यावी. चलान हा निकाल नसतो, तो आरोप असतो. आरोप मान्य असेल तर दंड भरून प्रकरण मिटवायचं. मान्य नसेल तर पैसे न भरता तक्रार करायची. आधी भरू आणि मग भांडू, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे दंड भरणं म्हणजे तडजोड. पैसे जमा झाले की प्रकरण तिथेच बंद होतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी स्कूटरवर चलान आलं, कामाच्या घाईत होते, दोन मिनिटांत भरून टाकलं. आठवड्याने सहज फोटो उघडला तर नंबरातला ३ कोणीतरी ८ असा वाचलेला. गाडी दुसऱ्याचीच. वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात गेले, तर खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, “मॅडम, भरलंत म्हणजे मान्य केलंत.” कायद्याने तो बरोबर होता. म्हणून या लेखात मी फोटोबद्दल पुन्हा पुन्हा बोलणार आहे.

मेसेज खरा आहे का?

सगळ्यात आधी हे. सध्या खोट्या चलानाचे मेसेज खूप फिरतात. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एपीके फाइल, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल येते. ती उघडली की मोबाइलमधले मेसेज आणि ओटीपी चोराच्या हातात जातात आणि बँक खातं रिकामं होतं. वाहतूक पोलीस एपीके फाइल पाठवत नाहीत, हे घरातल्या मोठ्या माणसांनाही सांगून ठेवा. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा आपण स्वतः संकेतस्थळ उघडावं. सरकारी पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो. ‘इन’ला मागून आणखी काही शेपूट जोडलेलं दिसलं तर बंद करा.

महाराष्ट्रात चलान दोन ठिकाणी बघावं लागतं, आणि इथेच नवीन माणूस गोंधळतो. वाहतूक पोलिसांनी केलेलं चलान ‘महाट्रॅफिक ई-चलान’ या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ॲपवर दिसतं. आरटीओच्या वायुवेग पथकाने अडवून केलेलं चलान केंद्र सरकारच्या ‘परिवहन’च्या ई-चलान संकेतस्थळावर असतं. एका ठिकाणी काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, दुसरीकडेही बघा. महाट्रॅफिकवर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक लागतात. ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतात.

आणखी एक. मेसेज त्याच मोबाइलवर जातो जो आरसीच्या नोंदीत आहे. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर तिथे अजून जुन्या मालकाचाच नंबर असण्याची दाट शक्यता आहे. मग चलानं साठत राहतात आणि तुम्हाला पत्ताच नसतो. ‘परिवहन’ संकेतस्थळावर मोबाइल नंबर बदलून घ्या. फार वेळ लागत नाही.

फोटो कसा बघायचा

आम्ही दोघांनी लॅपटॉपवर फोटो उघडला. मोबाइलवर बघू नका, तिथे तपशील हरवतात. मागून काढलेला फोटो होता. नंबर अगदी त्याचाच, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. तो हिरमुसला. मी म्हटलं, थांब, खाली जाऊन तुझी गाडी बघून येऊ.

टॉर्च घेऊन खाली गेलो. त्याच्या बाइकला मागच्या चाकाजवळ साडी गार्ड आहे, वडिलांनी आईसाठी बसवून घेतलेलं. फोटोतल्या गाडीला ते नव्हतं. त्याच्या नंबरप्लेटवरचे आकडे जाड आणि सरळ, फोटोतले थोडे तिरके, रंगवलेले. फोटोतल्या मागच्या दिव्याच्या डाव्या कोपऱ्याला तडा होता, याचा दिवा धड. एवढं बघितल्यावर प्रश्न उरला नाही. त्याचा नंबर दुसरंच कोणीतरी लावून फिरत होतं.

तुम्ही बघताना याच क्रमाने बघा. आधी नंबरचा प्रत्येक अंक आणि अक्षर, विशेषतः ३ आणि ८, १ आणि ७, इंग्रजी बी आणि आठ. मग गाडीचा प्रकार, रंग, मॉडेल. मग तारीख, वेळ, ठिकाण. त्या वेळी तुम्ही कुठे होतात ते आठवा. शेवटी आरोप आणि चित्र जुळतंय का ते पाहा. हेल्मेट नाही असा आरोप आहे आणि फोटोत हेल्मेट दिसतंय, असंही होतं. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी केल्याचा आरोप असेल तर फोटोत पट्टे दिसतात का? रस्त्यावरचे पट्टे पुसट झाले असतील तर तोही मुद्दा आहे. त्याच दिवशी जाऊन जागेचा फोटो काढून ठेवा, कारण पट्टे महिन्याभरात रंगवले गेले तर तुमच्याकडे दाखवायला काही राहणार नाही.

कॅमेऱ्याने आपोआप केलेल्या चलानासाठी २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यात गाडीवाल्याच्या बाजूने बऱ्याच गोष्टी आहेत. कॅमेऱ्याला किंवा वेग मोजणाऱ्या यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि दर वर्षी त्याचं नूतनीकरण हवं. पुढे कॅमेरा आहे, हे सांगणारी पाटी ठळक दिसेल अशी हवी. नोटीस घटनेपासून पंधरा दिवसांच्या आत निघायला हवी. नोटिशीसोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणतं कलम मोडलं ते असायला हवं. वेगाच्या चलानात यातलं काही नसेल तर तक्रारीत नेमकं तेच लिहा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ या वाक्यापेक्षा ‘फोटोत नंबरप्लेट वाचता येत नाही’ हे वाक्य कितीतरी पटीने कामाचं.

हवालदाराने हातातल्या मोबाइलवर लांबून फोटो काढला, असं पुष्कळ जण सांगतात. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने आदेश काढून चलानासाठी खासगी मोबाइलवर फोटो काढायला मनाई केली. चलानासाठी दिलेलं अधिकृत यंत्रच वापरायचं. त्यानंतरचा तुमचा फोटो खासगी मोबाइलवरचा आहे हे दाखवता येत असेल, तर तेही तक्रारीत नोंदवा.

चूक आपलीच असेल तर

मग भरा. हे मी मनापासून सांगते. सिग्नल तोडला, राँग साइडने आलो, ट्रिपल सीट होतो आणि फोटो स्पष्ट आहे, तर कायद्यातली पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका. हेल्मेटचे पाचशे रुपये डोक्यापेक्षा महाग नाहीत. शिवाय कायद्यात हेल्मेटसाठी दंडाबरोबर तीन महिने लायसन निलंबित होण्याचीही तरतूद आहे.

काही आकडे नवीन माणसाला माहीत असावेत. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये नवे दर लागू केले. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार. लायसनशिवाय पाच हजार. नो पार्किंग पहिल्यांदा पाचशे, मग पंधराशे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं आणि नोव्हेंबर २०२४ च्या आदेशानंतर त्याची कारवाई वेगळी नोंदवली जाते. म्हणजे दोघांकडे हेल्मेट नसेल तर दोन दंड. दारू पिऊन चालवलं तर यंत्रावर पैसे भरून सुटका नाही, ते प्रकरण कोर्टातच जातं. आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात किल्ली दिली तर पालकाला किंवा गाडीमालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहावीच्या निकालाला स्कूटर घेऊन देणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पैसे भरल्यावर पावती डाउनलोड करून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी संकेतस्थळावर चलान ‘भरलेलं’ दिसतंय का ते पाहा. खात्यातून पैसे गेले पण नोंद झाली नाही, असंही घडतं. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहाराचा क्रमांक देऊन तक्रार करा.

तक्रार कशी लिहायची

महाट्रॅफिकवर आणि ॲपवर तक्रारीची सोय आहे. चलान क्रमांक टाकायचा, कारण निवडायचं, चार ओळी लिहायच्या, पुरावे जोडायचे. त्या मुलाने आधी अर्धं पान लिहिलं होतं. अभ्यासाला आलोय, वडील शेतकरी आहेत, पाचशे रुपये फार होतात. सगळं खरं होतं, पण तपासणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आम्ही ते काढून असं लिहिलं:

“विषय: चलान रद्द करणेबाबत. महोदय, वरील चलान माझ्या गाडीच्या नंबरवर झाले आहे, परंतु फोटोतील गाडी माझी नाही. फरक: १) माझ्या गाडीला साडी गार्ड आहे, फोटोतील गाडीला नाही. २) नंबरप्लेटवरील आकड्यांची ठेवण वेगळी आहे. ३) फोटोतील गाडीचा मागचा दिवा तडकलेला आहे, माझा शाबूत आहे. सदर दिवशी मी गावी होतो, एसटीचे तिकीट जोडले आहे. माझ्या गाडीचे चारही बाजूंचे फोटो व आरसीची प्रत सोबत आहे. कृपया फोटो तपासून चलान रद्द करावे व माझा नंबर वापरणाऱ्या गाडीचा शोध घ्यावा.”

एवढंच. एका मुद्द्याला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीला एक पुरावा. गाडीचे फोटो दिवसा उजेडात काढा, निदान एक फोटो चलानातल्या फोटोच्याच कोनातून. दोन चित्रं शेजारी ठेवली की तपासणाऱ्याला वाचावंही लागत नाही. पुरावा म्हणून काय काय चालतं? एसटीचं किंवा रेल्वेचं तिकीट, कामावरची हजेरी, सोसायटीच्या सीसीटीव्हीतलं चित्रण, गॅरेजचं बिल, फास्टॅगची नोंद. सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून सेक्रेटरींना त्याच दिवशी सांगा.

तक्रार पाठवली की जो क्रमांक मिळतो त्याचा स्क्रीनशॉट घ्या. आणि नोटिशीवर जी मुदत लिहिली असेल तीच धरून चाला, ‘बघू नंतर’ म्हणून ती घालवू नका.

नंबर दुसरा कोणी वापरत असेल तर नुसती ऑनलाइन तक्रार पुरत नाही. जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व सही घेऊन पोच घ्या. आज त्या गाडीवर हेल्मेटचं चलान आहे, उद्या तीच गाडी अपघात करून पळून गेली तर पोलीस तुमच्या दारात येतील. तेव्हा हा शिक्का असलेला कागद कामाला येतो.

उत्तर आलं नाही किंवा तक्रार फेटाळली तर संबंधित वाहतूक शाखेत स्वतः जा. सकाळी लवकर जावं, कागदांच्या दोन प्रती न्याव्या, लॅपटॉपवर बघितलेला फोटो मोठा छापून न्यावा. तिथल्या माणसांवर दिवसभर ओरडणारे लोक येत असतात. शांतपणे “साहेब, हे दोन फोटो एकदा बघता का?” म्हटलं की बहुतेक जण बघतात.

कोर्ट आणि लोकअदालत

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या संमतीने तडजोड होते. दंड कमी होऊ शकतो, पण होईलच असं नाही. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. साठलेली, आपल्याच चुकीची जुनी चलानं निकाली काढायला लोकअदालत उत्तम. ‘मी हे केलंच नाही’ म्हणणाऱ्यासाठी ती जागा नव्हे, कारण तडजोड म्हणजे पुन्हा मान्य करणंच.

आरोपच मान्य नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जाऊन ‘गुन्हा कबूल नाही’ असं सांगायचं. मग आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसांवर येते. काही प्रकरणं आधी आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या न्यायालयात जातात. नागपूर जिल्ह्यात काटोलला २०२० मध्ये वाहतुकीच्या चलानांसाठी असं न्यायालय सुरू झालं. तिथे ऑनलाइन दोन पर्याय दिसतात, दंड भरायचा की लढायचं. लढायचं निवडलं की प्रकरण नेहमीच्या कोर्टाकडे जातं.

माझं मत विचाराल तर पाचशेच्या चलानासाठी कोर्टाच्या तारखा करणं प्रत्येकाला परवडत नाही. रोजंदारीवरच्या माणसाचा एक खाडा दंडापेक्षा महाग पडतो. पण लायसन निलंबित होणार असेल, पोटापाण्याची गाडी अडकली असेल किंवा नंबर चोरीचा प्रकार असेल, तर जरूर लढा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. हे फार थोड्या बायकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

कोर्टाचं समन्स आलं तर दुर्लक्ष मात्र करू नका. आणि चलान आपोआप विरून जाईल या आशेवरही राहू नका. गाडी विकताना, नावावर करताना, दुसऱ्या जिल्ह्यासाठी एनओसी (ना हरकत दाखला) काढताना ते आडवं येतं.

रस्त्यावर अडवलं तर

गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितलं की लायसन दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य असतात. मात्र गॅलरीतला आरसीचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. दंड मान्य असेल तर यंत्रावर कार्डाने किंवा यूपीआयने भरा आणि पावती घ्या. मान्य नसेल तर वाद घालू नका, “चलान करा, मी तक्रार करीन” एवढं म्हणा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. तो दंड नसतो, लाच असते.

पार्किंगबद्दल नवीन माणसाला एक सांगायलाच हवं. बऱ्याच रस्त्यांवर पी-१ आणि पी-२ अशा पाट्या असतात. पी-१ च्या बाजूला विषम तारखेला गाडी लावायची, पी-२ च्या बाजूला सम तारखेला. काल जिथे लावली तिथेच आज लावून माणूस कामाला जातो आणि संध्याकाळी गाडी उचललेली असते. पाटी झाडाआड असेल किंवा नसेलच, तर गाडी सोडवायला धावण्याआधी त्या जागेचा दोन्ही टोकांकडून फोटो काढा.

विकलेल्या गाडीचं चलान

हाही नेहमीचा प्रश्न. गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, पैसे घेतले, आरसी दिली, पण नावावर करून दिली नाही. चलान तुम्हालाच येणार, कारण नोंदीत मालक तुम्हीच. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून देणं पुरेसं नाही. गाडी विकल्याचं चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. आणि गाडी दुसऱ्याने चालवली असताना पोलिसांनी चालकाचं नाव विचारलं, तर कलम १३३ प्रमाणे मालकाला ते सांगावं लागतं. मित्राला गाडी देताना हे लक्षात असू द्या.

त्या मुलाचं चलान काही आठवड्यांनी रद्द झालं. त्याची बाइक १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे साध्या प्लेटची. त्याने लगेच उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घेतली. तरी महिन्याभराने त्याच नंबरवर दुसरं चलान आलं, यावेळी सिग्नल तोडल्याचं. मागचा दिवा तोच, तडकलेला. या खेपेला त्याने माझं दार वाजवलं नाही. पहिल्या चलानाच्या रद्दीचा स्क्रीनशॉट, पोलीस ठाण्याची पोच, नव्या प्लेटचा फोटो आणि तोच चार ओळींचा अर्ज त्याने एकाच फोल्डरमध्ये ठेवला होता, तो तसाच जोडून पाठवला.